सरकार उठून गेले तेव्हा : सोलापूर, मे १९३०

राज्यकर्ता नाहीसा झाला तर माणसे एकमेकांचे गळे धरतील की आपापले व्यवहार सांभाळून राहतील, या प्रश्नावर सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये दोन ग्रंथ उभे राहिले. थॉमस हॉब्जने १६५१ मध्ये ‘लेव्हायथन’ लिहिला, तेव्हा त्याच्या देशाने नुकतेच यादवी युद्ध पाहिले होते आणि राजाचे मुंडके उडालेले होते. त्याचा निष्कर्ष त्या भीतीतून आलेला आहे. वरचा हात उठला की खाली समाज म्हणून काहीच उरत नाही. उरतात ती सुटी सुटी, एकमेकांना भिणारी माणसे, म्हणून कसेही असले तरी सरकार हवेच. जॉन लॉकचा ‘शासनविषयक दुसरा प्रबंध’ १६८९ अखेरीस बाहेर आला. त्याच्या शेवटच्या प्रकरणात लॉक सुरुवातीलाच एक भेद करून घेतो. सरकार मोडणे वेगळे आणि समाज मोडणे वेगळे. समाज आधीचा आहे. सरकार त्याने विश्वासाने सोपवलेली ठेव सांभाळणारे आहे. ठेव बुडवली की ती मूळ धन्याकडे परत जाते, आणि तो धनी तोपर्यंत कुठे नाहीसा झालेला नसतो. लोकशाहीचे पुढचे सगळे मजले, म्हणजे प्रातिनिधिक सभागृह, करावर संमती, सरकार बदलण्याचा हक्क, या एका भेदावर उभे आहेत. हॉब्ज बरोबर असेल तर मतदान ही फार तर एक सोय ठरते. लॉक बरोबर असेल तरच तो हक्क ठरतो.

हा वाद पुस्तकांत सुटण्यासारखा नाही, कारण सरकार खरोखरच निघून गेले आहे आणि परकी सैन्य अजून आत आलेले नाही, अशी वेळ इतिहासात क्वचित येते. सोलापुरात ती मे १९३० मध्ये आली आणि तीन-चार दिवस टिकली. शहर त्यांना अजून ‘स्वातंत्र्याचे चार दिवस’ म्हणते. डाव्या लिखाणात ‘सोलापूर कम्यून’ हे नावही रुळले आहे, पण ते मला नेमके वाटत नाही. पॅरिसच्या १८७१ च्या कम्यूनने निवडणूक घेतली, फर्माने काढली, नवी राज्यसंस्था उभारण्याचा दावा केला. सोलापुरात यांपैकी काहीच झाले नाही. जे झाले ते मार्क्सपेक्षा लॉकच्या भेदाला जास्त जवळचे आहे, आणि म्हणूनच ते बारकाईने पाहण्यासारखे आहे.

तेव्हाचे सोलापूर म्हणजे गिरण्यांचे शहर. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल, तिच्यामागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा एकाच पेठेत ऐकू येत. १९३१ च्या शिरगणतीत लोकसंख्या दीड लाखाच्या जवळ होती. नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय सभेचा झेंडा लागलेला होता, आणि तो सरकारच्या डोळ्यांत सलत होता. ४ मेच्या मध्यरात्री कराडी येथे गांधीजींना अटक झाली. बातमी येताच बाजार आणि गिरण्या बंद झाल्या, मिरवणुका सुरू झाल्या. ८ मे रोजी लोक शिंदीची झाडे तोडायला गेले. दारूबंदीचा तो त्या वेळचा ठरलेला कार्यक्रम होता. पोलिसांनी काहींना धरले, जमावाने सुटकेची मागणी केली आणि गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण पडला. त्यानंतर जमाव आवरला नाही. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी पेटली, काही पोलीस मारले गेले, न्यायालयाची इमारतही जाळली गेली. पुन्हा गोळीबार झाला. कलेक्टर नाईट यांच्या प्रशासनाचा शहरावरचा ताबा सुटला. युरोपीय कुटुंबे हलवण्यात आली आणि पोलीस पेठांमधून मागे घेण्यात आले.

९ मेच्या सकाळी दीड लाखांच्या शहरात, गिरण्या बंद आणि आदल्या दिवसाची प्रेते मोजली जात असताना, हुकूम देणारे कोणी नव्हते. हॉब्ज खरा असता तर यानंतरची पाने लुटालुटीची असायला हवी होती. दुकाने हाताशी होती, रोजंदारी बुडालेले हजारो गिरणी कामगार रस्त्यावर होते, आणि धर्म, भाषा, जात यांपैकी कोणत्याही रेषेवर शहर फाटू शकले असते. प्रत्यक्षात चौकाचौकांत काँग्रेसचे स्वयंसेवक उभे राहिले. त्यांनी रहदारी चालवली आणि रात्रीची गस्त घातली. याचा सर्वांत भरवशाचा पुरावा राष्ट्रीय बाजूच्या आठवणींत नाही, सरकारच्याच युक्तिवादात आहे. लष्कर बोलावण्याचे कारण म्हणून पुढे केली गेलेली तक्रार मुख्यतः अशी, की काँग्रेसवाल्यांनी शहराचा कारभार हातात घेतला आहे आणि वाहनेसुद्धा त्यांच्या इशाऱ्याने चालतात. म्हणजे शहरात सुव्यवस्था होती, फक्त ती आपली नव्हती, हे दुःख. अराजकाची तक्रार आणि समांतर राज्याची तक्रार एकाच श्वासात करता येत नाही. दोन्ही केल्या गेल्या, आणि त्यांतली दुसरी पहिलीला खोडून काढते.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. चौकी जाळली, पोलीस मारले, न्यायालय पेटवले, ही कसली सुव्यवस्था? आक्षेप गंभीर आहे, आणि त्या पोलिसांचे मरण गौरवाच्या भाषेखाली झाकून टाकणे अप्रामाणिक ठरेल. पण तारखा नीट लावल्या की आक्षेपाचा रोख बदलतो. हिंसा ८ तारखेची आहे. सरकार हजर असताना, त्याने गोळी चालवल्यानंतर, त्याच्याच माणसांशी झालेल्या झटापटीतली ती आहे. सरकार निघून गेल्यावर ती वाढत जायला हवी होती, ती थांबली. हॉब्जच्या सिद्धान्ताला कार्यकारणाची नेमकी उलटी दिशा लागते. दुसरा आक्षेप काळाचा. चार दिवस कोणीही गुण्यागोविंदाने काढेल, चार महिने गेले असते तर? हे मान्य करायला हवे. या प्रसंगातून सोलापूरने राज्य चालवले असते असे सिद्ध होत नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. सिद्ध होते ते एवढेच, की सरकार गेल्याच्या क्षणी समाज विरघळला नाही. पण लॉकलाही एवढेच हवे आहे. सत्ता मूळ धन्याकडे परत जाते म्हणायचे तर धनी त्या क्षणी जिवंत असला म्हणजे पुरते. नवे सरकार तो केव्हा आणि कसे नेमतो ही पुढची गोष्ट, आणि ती गोष्ट घडू दिली गेली नाही.

तिसरा आक्षेप थोडा तुच्छतेचा आहे, तरी उत्तर देण्याजोगा आहे. सोलापूरच्या विणकऱ्याने लॉक कुठे वाचला होता? वाचला नव्हताच. महाराष्ट्रात ही विचारसरणी पुस्तकांतून आली ती मोजक्या माणसांकडे. जोतीराव फुल्यांनी थॉमस पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ तरुणपणी वाचला, आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर पचवले. पण लॉकचा सिद्धान्त वाचकांविषयीचा नाही, माणसांच्या वागण्याविषयीचा आहे. तो खरा असेल तर न वाचणाऱ्यांच्या बाबतीतही खरा ठरला पाहिजे. शिवाय सोलापूरच्या लोकांना सरकारशिवाय गर्दी सांभाळण्याची सवय नव्हती असे कोण म्हणेल? सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज दरवर्षी हजारोंच्या दाटीतून निघतात. मान कोणाचा, पुढे कोण, मागे कोण, हे पिढ्यान्पिढ्या ठरलेले असते. पंढरपूर जवळच, तिथल्या दिंड्यांची शिस्त कोणा फौजदाराने घालून दिलेली नाही. तालमी, पेठांचे पंच, विणकरांच्या जातपंचायती, गिरणी कामगारांच्या १९२० च्या संपातून तयार झालेले पुढारी, अशी ही वीण होती. या संस्था लोकशाही होत्या असे मात्र समजू नये. त्यांतल्या बहुतेक जातीच्या उतरंडीवर उभ्या होत्या. त्या मुद्द्याकडे पुढे यावे लागेल.

१२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि लष्कराने शहर ताब्यात घेतले. व्हाइसरॉय आयर्विन यांनी त्याला वटहुकमाचा आधार दिला. ३० जूनपर्यंत, म्हणजे सात आठवडे, सोलापुरात लष्करी हुकमत चालली. नगरपालिकेवरचा झेंडा उतरला. झेंडा बाळगणे आणि गांधी टोपी घालणे यांबद्दल लोकांना धरले गेले. लष्करी न्यायासनांनी रामकृष्ण जाजूंसारख्या पुढाऱ्यांना आणि ‘कर्मयोगी’ पत्राच्या संपादकांनाही शिक्षा ठोठावल्या. लोकशाही विचाराच्या इतिहासात याचे स्थान कोणते, हे नकाशा पाहिला की कळते. हुकूम सोलापूर शहर आणि त्याच्या आसपासच्या टापूपुरता होता. पुण्याकडून येणारी रेल्वे कुर्डुवाडी, माढा आणि मग मोहोळवरून सोलापूरला जाते. मोहोळ ते सोलापूर अंतर पस्तीसेक किलोमीटर, गाडीने तासाभराचा मामला. मोहोळच्या बाजारात डोक्यावर पांढरी टोपी घातलेला माणूस साध्या फौजदारी कायद्याखाली होता. त्याच टोपीनिशी तो सोलापूरला उतरला की लष्करी अधिकाऱ्याच्या मर्जीखाली येई. माणूस तोच, टोपी तीच आणि बादशहाही तोच.

याच बादशहाच्या देशात ए. व्ही. डायसी यांनी १८८५ मध्ये इंग्लिश राज्यघटनेवरचे आपले व्याख्यान-पुस्तक काढले आणि कायद्याच्या राज्याची व्याख्या दिली. साध्या न्यायालयात सिद्ध झालेल्या कायदेभंगाखेरीज कोणालाही शिक्षा नाही, आणि लहानथोर सगळे एकाच कायद्याखाली. साधे कायदे स्थगित करून लष्कराला मुलूख सोपवणे ही फ्रेंच पद्धतीची गोष्ट इंग्लिश कायद्याला ठाऊकच नाही, असे ते अभिमानाने सांगतात आणि १७९८ चा आयर्लंडमधला दाखला देतात. बंडखोर वुल्फ टोनला लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला होता. डब्लिनच्या न्यायाधीशांनी, बाहेर बंड धुमसत असताना, त्याला आपल्यासमोर हजर करण्याचा हुकूम काढला. मुंबई इलाख्यातले वकील हेच पुस्तक शिकत होते. पण ज्या साम्राज्यात ते शिकवले जात होते त्याने हा नियम समुद्रापलीकडे कधी नेला नाही. १८६५ मध्ये जमैकात मोरँट बे येथे उठाव झाला, गव्हर्नर आयर यांनी लष्करी कायदा लावला आणि चारशेहून अधिक माणसे मारली गेली. विधिमंडळाचे सभासद जॉर्ज विल्यम गॉर्डन त्या वेळी किंग्स्टनमध्ये होते, आणि किंग्स्टनला तो हुकूम लागू नव्हता. म्हणून त्यांना धरून मोरँट बेला नेले गेले आणि तिथे लष्करी न्यायालयाकडून फाशी दिली गेली. मोहोळ आणि सोलापूर यांच्यामधल्या रेषेचा अर्थ समजायला याहून नेमका दाखला मिळणार नाही.

आयर यांच्यावर खटला भरावा म्हणून लंडनमध्ये जी समिती लढली तिचे नेतृत्व जॉन स्टुअर्ट मिलने केले. डार्विन, हक्सले, स्पेन्सर त्याच्या बाजूला होते, कार्लाइल आणि डिकन्स आयरच्या बाजूला. आयर सुटले. मिलचे इथले धैर्य खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण हाच मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत हिंदुस्थानचा पत्रव्यवहार पाहत होता, आणि १८६१ च्या ‘प्रातिनिधिक शासन’ या ग्रंथात त्याने हिंदुस्थानसारखे देश स्वतःचा कारभार करण्याच्या अवस्थेला अजून पोचलेले नाहीत, असे सांगितले. चांगली परकी सत्ता त्यांना हळूहळू तिथवर नेईल, असा त्याचा भरवसा. सोलापूरची नोंद या भरवशाशी ताडून पाहावी. सत्तर वर्षांच्या शिकवणीनंतर शिकवणारा जेव्हा निघून गेला, तेव्हा विद्यार्थ्याने रहदारी चालवली. शिकवणारा परत आला तो संगिनी घेऊन. कायदा सांभाळण्याची पात्रता कोणाकडे कमी होती, हे ठरवायला आता फार तत्त्वज्ञान लागत नाही. लॉकने त्या शेवटच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट लिहून ठेवली होती. समाज खरोखर मोडतो तो जवळपास नेहमी बाहेरून आलेल्या जेत्याच्या तलवारीने.

एवढ्यावर थांबलो तर लॉकला जरा जास्तच गुण दिल्यासारखे होईल. कारण ‘समाज’ म्हणताना तो कोणाला धरतो? ज्या माणसाने संमती हा सत्तेचा एकमेव पाया ठरवला, त्याचेच पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत गुंतलेले होते. सोलापुरातही हा प्रश्न तारेच्या कुंपणाच्या रूपात उभा होता. १८७१ चा आणि पुढे १९११ व १९२४ चा गुन्हेगार जमातींचा कायदा कैकाडी, पारधी, टकारी अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवत होता, आणि त्यांची वसाहत, शहराच्या भाषेत ‘सेटलमेंट’, सोलापुरात होती. आतल्यांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय बाहेर जाता येत नसे, आणि गिरण्यांना त्यांचे श्रम स्वस्तात मिळत. मोहोळच्या माणसासाठी जी लष्करी रेषा सात आठवडे होती, ती त्यांच्यासाठी आयुष्यभराची होती. ‘स्वातंत्र्याच्या चार दिवसां’त ते कुंपण उठले नाही. कोणी उठवा म्हटल्याचीही नोंद दिसत नाही.

हा त्या चार दिवसांवरचा सर्वांत जड आक्षेप आहे, आणि मला त्याचे पूर्ण उत्तर देता येत नाही. अर्धे उत्तर असे, की जो समाज त्या वेळी उभा राहिला तो एकाच जातीधर्माचा नव्हता. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून १२ जानेवारी १९३१ रोजी, गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर, येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी लिंगायत, श्रीकिसन सारडा मारवाडी, जगन्नाथ शिंदे मराठा, आणि विशीतले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ पत्राचे संपादक, मुसलमान. त्या काळात देशातली कितीतरी शहरे दंग्यांनी पोळत होती, हे लक्षात घेतले तर ही यादी सामान्य नाही. पण या यादीत सेटलमेंटमधले कोणी नाही आणि गावकुसाबाहेरचेही कोणी नाही. लॉकचा समाज असाच असतो. तो सरकारला पुरून उरतो, पण त्याच्या आत कोणाला घ्यायचे याचा हिशेब त्याने स्वतःशी मांडलेला नसतो.

तो हिशेब मांडणारा माणूस याच जिल्ह्यात येऊन गेला होता. १९२४ च्या मे महिन्यात बार्शीला भरलेल्या बहिष्कृतांच्या प्रांतिक परिषदेला डॉ. आंबेडकर उपस्थित होते. कोलंबियात ते जॉन ड्यूईंच्या हाताखाली शिकले होते. ड्यूईंच्या मते लोकशाही ही सरकारची पद्धत नंतर, आधी ती माणसांनी मिळून जगण्याची रीत. लॉकमधली पोकळी इथे भरायला लागते. समाज सरकारच्या आधीचा असेल तर आधी समाजच लोकशाहीचा असायला हवा. मिलच्या ‘अजून अवस्थेला पोचले नाहीत’ या म्हणण्याशी याची गल्लत करू नये. मिलचा उपाय परक्याची राजवट हा होता, आंबेडकरांचा उपाय हक्क आधी, पात्रता त्यातूनच येते, हा. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी मताचा हक्क मागितला तो याच तर्काने. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी ग्रीसचा इतिहासकार ग्रोट याचा आधार घेऊन सांगितले, की घटनात्मक नीती ही निसर्गाने दिलेली भावना नाही, ती जोपासावी लागते. सोलापूरचे चौक आणि सोलापूरची सेटलमेंट, दोन्ही एकदम नजरेसमोर ठेवली तर हे विधान जितके कडू तितकेच नेमके वाटते.

संविधानात या घटनांचे दोन धागे सापडतात. एक अनुच्छेद ३४. लष्करी कायदा असलेल्या मुलखात केलेल्या कृत्यांबद्दल अधिकाऱ्यांना संरक्षण देण्याची सोय संसदेच्या हाती त्यात ठेवलेली आहे. सोलापूर अनुभवलेल्या देशाने ही तरतूद ठेवावी हे मला खटकते. अशा अधिकाऱ्याला माफी द्यायची तर ती लोकांच्या प्रतिनिधींनी उघडपणे द्यावी, मर्जीने नव्हे, असा तिचा बचाव करता येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. दुसरा धागा येरवड्यातून निघतो. चौघांच्या फाशीनंतर वीस महिन्यांनी, २४ सप्टेंबर १९३२ रोजी, त्याच तुरुंगात गांधीजींच्या उपोषणाच्या छायेत पुणे करार झाला. दलितांसाठी राखीव जागा, पण मतदारसंघ संयुक्त. आंबेडकर त्यावर कधीच समाधानी नव्हते. उमेदवार आपला, पण त्याला निवडणारे बहुसंख्य दुसरे, हे त्यांचे म्हणणे होते, आणि १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी पुन्हा स्वतंत्र मतदारसंघ मागितले. ते मिळाले नाहीत. जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. त्या जमातींचे लोक तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. २००८ च्या पुनर्रचनेनंतर मोहोळ विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, २००९ पासून तिथली प्रत्येक विधानसभा निवडणूक येरवड्यात ठरलेल्या त्या पद्धतीनेच होते, आणि कोणत्या पक्षाचे तिकीट कोणाला मिळणार याची चर्चा मोहोळ-पंढरपूर भागात रंगते तेव्हा उमेदवार कोणाचा, या आंबेडकरांच्या प्रश्नावर लोक पुन्हा वाद घालत असतात.